बारकोडला पैसे नकोत, यादीला माणसं द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गावोगावच्या वाचनालयांनी आता संगणकीकरण करावं, पुस्तकांना बारकोड लावावेत असं तुमच्या पेपरात मधून मधून छापून येतं, आणि ते वाचून आमच्यासारख्या लहान वाचनालयांच्या कमिटीत लगेच विषय निघतो की कोटेशन मागवा. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. आम्ही या दिवाळीपर्यंतच्या आठ महिन्यांत आमच्या सगळ्या पुस्तकांना बारकोड लावले, बाहेरच्या कुणाला कामाचा एक रुपयाही न देता, एक्सेलच्या यादीवरून, आणि त्यात काय काय झालं ते बाकीच्या वाचनालयांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण कृपा करून कापू नका, कारण जे कापाल तेच नेमकं कुणाला तरी हवं असेल.

आधी कोटेशनचं सांगते. जिल्ह्याच्या गावाहून एक गृहस्थ आले, रजिस्टरं बघितली, सगळी मिळून ११२४० दाखल क्रमांक (पुस्तक वाचनालयात आलं की रजिस्टरात त्याला मिळतो तो नंबर) होते ते बघून म्हणाले एका पुस्तकाला ६ रुपये, म्हणजे ६७,४४० रुपये, सॉफ्टवेअरचे वेगळे. आणि वर हेही सांगितलं की बारकोड 'रजिस्टर्ड' असावा लागतो, तो घरी बनवता येत नाही, नाहीतर उद्या इन्स्पेक्शनला अडचण येईल. कमिटीतले लोक घाबरले. लहान वाचनालयाचं वर्षाचं अनुदान किती असतं आणि ते कधी हातात पडतं हे ज्यांनी वाचनालय चालवलंय त्यांना सांगायला नको, त्यातून पगार, लाईटबिल, पेपरबिल जाऊन पुस्तकांना काय उरतं.

तर ते रजिस्टर्डचं आधी स्पष्ट करते, कारण याच भीतीवर पैसे घेतले जातात. दुकानात विकायच्या वस्तूवर जो १३ आकड्यांचा बारकोड असतो त्याचा नंबर जीएस१ इंडिया या संस्थेकडून घ्यावा लागतो, फी भरून, आणि तो ८९० ने सुरू होतो. (व्हॉट्सॅपवर फिरतं की ८९० म्हणजे माल भारतात बनलेला. तसं नाही, नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय एवढाच त्याचा अर्थ, माल कुठेही बनलेला असू शकतो.) तो नंबर जगात कुठल्याही दुकानात गेला तरी दुसऱ्या वस्तूशी धडकू नये म्हणून ती नोंदणी. आमचं पुस्तक आमच्या कपाटातून सभासदाच्या घरी जातं आणि परत आमच्याच टेबलावर येतं, तो नंबर आमच्या रजिस्टरबाहेर कुणाला लागतच नाही, त्याला नोंदणी कसली? आपला दाखल क्रमांक आपण रेघांमध्ये छापायचा, बस. बचत गटाच्या बायकांना मसाला किंवा कोकम सरबत मोठ्या दुकानात ठेवायचं असेल तर मात्र ते ८९० वालं रीतसर करावं लागतं, तिथे घरचा नंबर चालत नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं जरी लोकांना कळलं तरी पुष्कळ झालं.

दुसरा प्रश्न आमच्याच सभासदांनी विचारला की मॅडम पुस्तकाच्या मागे आधीच एक बारकोड असतो की छापलेला, तोच का नाही वापरत. तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आवृत्तीला मिळणारा आंतरराष्ट्रीय नंबर. भारतातल्या पुस्तकांचा ९७८ च्या पुढे ८१ किंवा ९३ असतो, आणि १३ अंकी तर तो २००७ च्या जानेवारीपासून झाला, त्याआधी १० अंकी होता. आता एकाच कादंबरीच्या आमच्याकडे तीन प्रती असतील तर तिन्हींचा आयएसबीएन एकच, मग कुठली प्रत कुणाकडे गेली ते कसं कळणार? आणि आमच्या जवळजवळ निम्म्या पुस्तकांवर आयएसबीएन नाहीच, जुनी आहेत, पिवळी पडलेली, लोकांनी आजोबांच्या कपाटातून आणून दिलेली. म्हणून प्रत्येक प्रतीला आपला स्वतःचा नंबर लागतोच, आणि तो दाखल क्रमांकाच्या रूपाने आपल्याकडे आहेच, वर्षानुवर्षं आहे.

बारकोडमध्ये पुस्तकाचं नाव नसतं, लेखक नसतो, किंमत नसते. नुसता एक नंबर असतो, जाड बारीक रेघांत लिहिलेला. ज्याने हे पहिल्यांदा शोधलं त्या वुडलँडने समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटांनी मोर्स कोडचे ठिपके आणि रेघा काढून त्या खाली ओढल्या आणि त्यातून त्याला हे सुचलं असं सांगतात, त्याचं आणि त्याचा जोडीदार सिल्व्हर याचं पेटंट १९५२ चं. पुढे २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं. तेव्हाही त्या पाकिटावर नंबरच होता आणि किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये होती. मी हे कमिटीला तीनदा समजावलं, कारण सगळा मुद्दा इथे आहे. नंबर छापणं हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, नंबराच्या मागे जी यादी आहे ती खरी असणं हे काम आठ महिन्यांचं आहे, आणि कोटेशनमध्ये ६ रुपये लावलेले असतात ते अर्ध्या दिवसाच्या कामाला.

आमची यादी कशी होती ते सांगते. कधीतरी पंधरा वर्षांपूर्वी एका टायपिंग शिकणाऱ्या मुलाने रजिस्टरवरून टाइप करून दिलेली, युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी पद्धत) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे नुसती चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसायची. ती युनिकोडमध्ये बदलून घेतली तर जोडाक्षरं आणि रफार जागोजागी तुटले, ते हाताने दुरुस्त केले. मग बघितलं तर पहिले दोनेक हजार दाखल क्रमांक मराठी आकड्यांत टाइप केलेले आणि पुढचे इंग्रजी आकड्यांत! आपल्याला दिसायला दोन्ही नंबरच, पण आमच्या एक्सेलला मराठी आकडे म्हणजे अक्षरं वाटतात, नंबर नाही, क्रमाने लावायला गेलं की ते सगळे खाली जाऊन बसतात, आणि बारकोडला तर मराठी आकडा अजिबात चालत नाही. कोड १२८ म्हणून जो प्रकार आम्ही वापरला त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि चिन्हं बसतात. शेवटी फाइंड अँड रिप्लेस दहा वेळा केलं, एकेका आकड्यासाठी एकदा, शून्यापासून नऊपर्यंत. आधी फक्त क्रमांकाचा कॉलम सिलेक्ट करायचा हे विसरू नका, नाहीतर पुस्तकांच्या नावातले आकडे पण बदलतील.

त्यानंतर तारखा. जुन्या रजिस्टरात अनेक खंडांच्या ग्रंथाला ५/१, ५/२ असे नंबर दिलेले होते. एक्सेलमध्ये ५/२ टाइप केलं की ते ५ फेब्रुवारी होतं, आणि एकदा झालं की आतला मूळ आकडा जातो, परत टेक्स्ट (म्हणजे हिशेबाचा आकडा नव्हे, नुसती अक्षरं) केलं तर पाच आकडी भलतंच काहीतरी दिसतं. आमचे असे पस्तीस ग्रंथ निघाले, प्रत्येकासाठी परत रजिस्टर उघडावं लागलं. म्हणून यादी सुरू करायच्या आधी, एकही अक्षर टाइप करायच्या आधी, क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट करून ठेवा. हेच शून्याचं. ०००४५१ लिहिलं की ४५१ उरतं. हेच आयएसबीएनचं, १३ आकडे अरुंद कॉलममध्ये ९.७८ई+१२ असे दिसायला लागतात आणि फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, सेव्ह केली की तसेच सेव्ह होतात, मग मागचे आकडे गेले ते गेलेच. एक्सेलची यात चूक नाही, त्याला बिचाऱ्याला वाटतं की हा हिशेबाचा आकडा आहे. आपला दाखल क्रमांक दिसतो आकड्यासारखा पण ते नाव आहे, त्याची बेरीज कधी करायची नसते.

आम्हाला याचा जो उपाय सापडला तो सांगते, फार सोपा आहे. नंबराच्या आधी वाचनालयाच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं लावली आणि पुढे टेक्स्ट फॉर्म्युल्याने शून्यं भरून सहा आकडे पूर्ण केले. अक्षरं पुढे असली की एक्सेल त्याला नंबर समजतच नाही, शून्य जात नाही, तारीख होत नाही, वर्डमध्ये नेलं तरी तसंच राहतं. आणि दुसरा फायदा असा की आमच्याकडे तीन रजिस्टरं होती, खरेदीचं, देणगीचं आणि बालविभागाचं, आणि तिन्ही १ पासून सुरू होणारी! म्हणजे ३१२ नंबरची तीन पुस्तकं. वर्षानुवर्षं कुणाला त्रास झाला नाही कारण ग्रंथपालाला पुस्तक बघून कळतं कुठल्या कपाटातलं आहे, पण स्कॅनरला कळत नाही. मग देणगीला वेगळं अक्षर आणि बालविभागाला वेगळं अक्षर दिलं, रजिस्टरातला नंबर तसाच ठेवला, एकही क्रमांक बदलावा लागला नाही. ते कोटेशनवाले गृहस्थ १ पासूनचे छापील रोल आणणार होते आणि कुठलाही स्टिकर कुठल्याही पुस्तकाला लावून मग कॉम्प्युटरमध्ये जोडून देणार होते. तसंही करतात लोक, पण मग पुस्तकाचा दाखल क्रमांक एक आणि बारकोडचा दुसरा, आणि पडताळणीला दाखल क्रमांक मागतात तेव्हा दोन दोन याद्या घेऊन बसा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कपाटाशी. यादी हातात घेऊन आम्ही एकेक पुस्तक बघितलं, मी, आमचे शिपाई काका, आणि कॉलेजच्या चार मुली. तिन्ही रजिस्टरांत मिळून ११२४०, प्रत्यक्षात कपाटात आणि सभासदांकडे मिळून ९८६३. बाकीची १३७७ पुस्तकं म्हणजे कधीतरी बाद केलेली, वाळवीने खाल्लेली, २००५ च्या पुरात गेलेली, आणि काही नुसतीच गहाळ. सरसकट रोल छापून घेतला असता तर १३७७ स्टिकर नसलेल्या पुस्तकांचे झाले असते आणि त्यांचेही पैसे मोजले असते. या कामात मला रडू आलं एकदा, खरं सांगते. पुरात गेलेल्या पुस्तकांची नावं ओळीने वाचताना. त्यातली काही मी शाळेत असताना याच वाचनालयातून नेऊन वाचली होती.

आता छापायचं. बारकोड बनवायला फुकट साधनं भरपूर आहेत. बारकोडचे फॉन्ट फुकट मिळतात, लिब्रे बारकोड नावाचे. त्यातला कोड ३९ या दुसऱ्या प्रकारचा सोपा, नंबराच्या दोन्ही बाजूंना एकेक चांदणी लावली आणि फॉन्ट बदलला की झालं, पण तो लांब होतो, लहान लेबलात जेमतेम बसतो आणि मग कडेला जी कोरी जागा लागते ती राहत नाही. बारकोडच्या डावी उजवीकडे कोरी जागा लागतेच, तिथे टेबलाची रेघ किंवा वाचनालयाचं नाव घुसवलं की स्कॅनर वाचत नाही. कोड १२८ आखूड असतो पण त्यात एक तपासणी अंक गणित करून घालावा लागतो, नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. झिंट नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते करतं, लिनक्सवाल्यांसाठी जीलेबल्स आहे, आणि कोहा हे वाचनालयांसाठीचं मोफत सॉफ्टवेअर ज्यांनी बसवलंय त्यांना तर आतच लेबल छापायची सोय आहे. आम्ही वर्डमधूनच केलं. वर्ड २०१३ पासून मेल मर्जमध्ये (यादीतल्या एकेका ओळीचा मजकूर आपोआप भरायची सोय) मर्जबारकोड म्हणून एक फील्ड आहे, त्यात कॉलमचं नाव आणि कोड १२८ एवढं लिहिलं की प्रत्येक ओळीचा बारकोड तयार होतो. माझ्या भाच्याने फोनवरून दाखवलं, एका संध्याकाळी जमलं.

ए४ च्या एका शीटवर ६५ लेबलं येतात, आडवी पाच आणि उभी तेरा, एकेक ३८ बाय २१ मिलिमीटर. आमच्या ९८६३ पुस्तकांना १५२ शीट लागली, चुकलेली धरून पावणेदोनशे. पहिल्या शीटवर ६५ च्या ६५ बारकोड एकाच पुस्तकाचे आले, कारण पहिल्या लेबलातला मजकूर आम्ही बाकीच्या लेबलांत नुसता कॉपी केला होता, तो 'अपडेट लेबल्स' दाबून न्यावा लागतो ते माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी प्रिंटरने 'फिट टू पेज' करून सगळं थोडं लहान केलं, वरच्या रांगा बरोबर आणि खाली येईपर्यंत बारकोड लेबलच्या कापावर. प्रिंट करताना अॅक्चुअल साइज, शंभर टक्के, हे बघितल्याशिवाय बटन दाबू नका, आणि आधी साध्या कागदावर काढून लेबल शीटवर ठेवून उजेडात धरून बघा. आणि एकदम सगळे दहा हजार मर्ज करायला जाऊ नका, कॉम्प्युटर अडकून बसतो. आम्ही ६५० ची एकेक बॅच केली, म्हणजे दहा दहा शीट, आणि प्रत्येक बॅचची पहिली आणि शेवटची लेबलं वहीत लिहून ठेवली. शाईचा प्रिंटर वापरू नका, निदान कोकणात तरी नको. आमच्या दमट हवेत शाई पसरते आणि बारीक रेघा एकमेकींना चिकटतात. लेझरचं काढा आणि वरून पारदर्शक टेप, ती सुद्धा फार चकचकीत नको, उजेड पडला की स्कॅनर चाचपडतो. बिलांसाठी जे गरम होऊन छापणारे कागद असतात त्याची लेबलं स्वस्त मिळतात पण वर्षा दोन वर्षांत पुसट होतात, पुस्तकाला काही उपयोग नाही त्यांचा. लेबल आम्ही आतल्या पानावर शिक्क्याच्या शेजारी लावलं, कव्हरवर नाही, कारण पुस्तक बाइंडिंगला गेलं की कव्हर जातं.

एक मोठी चूक झाली ती सांगते, कारण ही चूक सगळ्यांकडे होऊ शकते. आमच्या एका मुलीने यादी लेखकांच्या नावाने लावायला घेतली आणि फक्त लेखकांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केलं. एक्सेल विचारतं की शेजारचे कॉलम पण घेऊ का, तिने नाही म्हटलं. क्रमांक आणि नावं जागेवर राहिली आणि लेखक सगळे हलले. लेबलवर नंबराखाली आम्ही नाव आणि लेखक छापत होतो, तशी ६५० लेबलं निघाली आणि दोनशेच्या वर लावूनही झाली तेव्हा शिपाई काकांच्या लक्षात आलं की पाककृतीच्या पुस्तकाखाली इतिहास लिहिणाऱ्याचं नाव आहे. त्या मुलीला कुणी बोललं नाही, मी बोलू दिलं नाही, कारण तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी यादीची त्या तारखेची वेगळी कॉपी ठेवायची सवय होती म्हणून वाचलो. तेव्हापासून नियम केला की लावून झालेली प्रत्येक बॅच परत स्कॅन करून तपासायची. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच असतो, नंबर टाइप करतो आणि एंटर मारतो. म्हणून यादीतच एक रिकामा कॉलम ठेवायचा, यादीच्या क्रमाने पुस्तकं घ्यायची, त्या कॉलममध्ये स्कॅन करत जायचं, आणि शेजारी दोन्ही सारखे आहेत का हे बघणारा एक फॉर्म्युला, वेगळं असेल तिथे लाल. ड्युप्लिकेटलाही लाल रंग येईल अशी सोय एक्सेलमध्ये आहे, ती लावूनच ठेवा. आणि स्कॅन करताना कीबोर्ड इंग्रजीवर आहे का बघा, मराठीवर राहिला की पुढच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं उमटतात आणि आपल्याला वाटतं स्कॅनर बिघडला.

लेबल शीट, टोनर, टेप आणि एक साधा यूएसबी स्कॅनर धरून आमचा सगळा खर्च साडेपाच हजाराच्या आत झाला. पण आठ महिने माणसं लागली, आणि ती फुकट राबली. चार मुली आणि शिपाई काका, त्यांना चहा आणि वडापाव याशिवाय आम्ही काही देऊ शकलो नाही. हे मला टोचतं. माझं मागणं म्हणून एवढंच आहे, ते ग्रंथालय संचालनालयापर्यंत आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांपर्यंत तुमच्या पेपरातून जाऊ द्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ ब क ड वर्गात जेवढी वाचनालयं मान्यतेत आहेत त्या सगळ्यांना एकच नमुना यादी द्या, कॉलम ठरलेले, क्रमांकाचा कॉलम आधीच टेक्स्ट केलेला, बारकोडचा फॉर्म्युला आधीच लिहिलेला. तालुक्याला एक दिवसाचं शिबिर घ्या पण भाषणं नकोत, ज्याने त्याने आपलं रजिस्टर आणि आपली फाइल घेऊन बसायचं आणि पहिली ६५ लेबलं तिथेच छापून न्यायची. आणि संगणकीकरणाला पैसे देणार असाल तर ते स्टिकरला देऊ नका, कपाटासमोर उभं राहून एकेक पुस्तक यादीशी जुळवणाऱ्या माणसाच्या मजुरीला द्या, चार मुलींना आठ महिन्यांची मजुरी द्या. ड म्हणजे सगळ्यात लहान वर्गातल्या वाचनालयांना तर आधी हे द्या, तिथे ग्रंथपाल एकटाच असतो, तोच झाडतो, तोच पुस्तक देतो आणि तोच अहवाल लिहितो.

आमची यादी, तिच्यातले फॉर्म्युले आणि वर्डमधला लेबलचा नमुना मी सभासदांची माहिती काढून वेगळा करून ठेवलाय. कुठल्याही वाचनालयाला हवा असेल तर तुमच्या कार्यालयाकडून माझा नंबर घेऊन फोन करावा, पेन ड्राइव्हवर देते. सोमवारी आमची सुट्टी असते, बाकी रोज दुपारी चार ते सात मी टेबलावरच असते. येताना आपलं रजिस्टर घेऊन या.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)